गनीसरांचं नाव

अब्दुलगनी शिकलगार मला फोनवर अरबी वाचून दाखवायचे, आणि मला अरबीतलं एक अक्षर कळत नव्हतं.

'हॅलो' म्हणायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. फोन उचलला की पहिला प्रश्न, "बसलीयास का?" मी हो म्हटलं की, "ऐक तर मग." आणि सुरू. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतून निघालेला तो खणखणीत आवाज दिल्लीतल्या आमच्या कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर घुमायचा. आजूबाजूचे लोक माझ्याकडे बघायचे. मी फोन कानापासून वीतभर लांब धरून, डोळे मिटून बसलेली असायची. पानभर वाचून झालं की सर थांबायचे.

"कुठं अडकलीस?"

"मला कळतच नाही सर, अडकणार कुठे?"

"कळायचं कोण इचारतंय? कान कुठं अडकला ते सांग. ज्याला भाषा येती, तो अर्थाच्या मागं पळतोय. तुझा कान रिकामा हाय. त्याला ठेच लगीच कळती."

मग मी भीत भीत सांगायची, की शेवटाकडे कुठंतरी एकच आवाज दोनदा आल्यासारखा वाटला. पलीकडे पेन्सिलीची खसखस. "व्हय. बरोबर हाय तुझं. तितं गाडी घसरली हुती." सहा वर्षं हे असं चाललं. माझ्याआधी ते चाचींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वाचून दाखवायचे; पण चाचींना नमाजाच्या सुरांची सवय, त्यामुळे त्यांना सगळंच गोड लागतं, अशी सरांची तक्रार होती.

आमचं कार्यालय सरकारी होतं. त्याचं नाव इथे सांगत नाही. लाज कार्यालयाची नाही, माझी आहे. परदेशातल्या लोकांना आपल्या देशाची ओळख व्हावी म्हणून आम्ही एक गुळगुळीत कागदाचं त्रैमासिक काढायचो. दूतावासांच्या बाहेरच्या खोलीत व्हिसासाठी ताटकळलेली माणसं ते चाळायची. तिथल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ते जायचं, सणासमारंभात वाटलं जायचं. त्याच्या जोडीला प्रदर्शनांचे फलक, छोटे माहितीपट, पाहुण्या पत्रकारांसाठी पुस्तिका. मूळ मजकूर इंग्रजीत तयार व्हायचा आणि मग वेगवेगळ्या भाषांत जायचा. मी सहायक संपादक होते आणि अरबी आवृत्ती माझ्याकडे होती. भाषा येत नसताना तिची आवृत्ती सांभाळणं हे फक्त सरकारी नोकरीतच जमतं.

गनीसर मला सापडले ते एका तक्रारीमुळे. आखातातल्या कुणा वाचकाने कळवलं होतं, की तुमचा अंक वाचताना हसू आवरत नाही, आणि तुमचा हेतू तो नसावा. कुठे हसू येतं ते त्याने लिहिलं नव्हतं. तो अंक बॅगेत घालून मी रजेवर कोल्हापूरला, शिवाजी पेठेत आईकडे आले. माझा भाऊ उदय म्हणाला, "आमच्या हायस्कूलला उर्दू शिकवायला शिकलगार सर हुते की. आधी मस्कतला हुते बारा वर्षं. त्यांना दाखव."

त्यांच्या घराखाली त्यांच्या पुतण्याचं, रफिकचं, कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं दुकान होतं. जिना चढताना चाकाची सर्र सर्र ऐकू यायची. वर खिडकीशी एक उंच, किडकिडीत म्हातारा लुंगी आणि हातविणीचा स्वेटर घालून बसला होता. मी अंक पुढे केला. त्यांनी तो मागच्या बाजूने उघडला, म्हणजे अरबीच्या सुलट्या बाजूने, आणि वाचायला लागले. दोन मिनिटांत त्यांचे खांदे हलायला लागले.

"ह्यात काय लिवलंय म्हाईत हाय? हिवाळा आला की सायबेरियातनं हजारो क्रेन उडत येत्यात आन् आमच्या तळ्यात उतरत्यात."

"बरोबर आहे की. क्रौंच पक्षी आहेत ते. फोटो बघा ना."

"पक्षी न्हवं गं बाई! बांधकामावरची क्रेन. लोखंडाची! इंग्रजी शब्द एक, दोन माल. तुमच्या माणसानं दुसरा उचलला."

आतून चाचींचं हसू ऐकू आलं. मीही हसले. मग त्यांनी पेन्सिल घेऊन तो अख्खा लेख माझ्यासमोर दुरुस्त केला, आणि निघताना म्हणाले, "पावणं, एक सांगू का? चुका सोड. चुका सगळ्यांच्याच हुत्यात. पण तुमचं मासिक दारात आलेल्या माणसाला भाषण देतंय. पावण्याला आधी पाणी द्यायचं, मग गूळ, मग कुठनं आलासा इचारायचं. आपली थोरवी जेवण झाल्यावर. तीबी त्यानं इचारली तर."

दिल्लीला परत गेल्यावर मी त्यांना काम पाठवायला लागले. सरकारी परदेशी प्रसिद्धीवर मी पुढे बरीच व्याख्यानं ऐकली. मंगळवार पेठेतल्या त्या जिन्यावर ऐकलं, त्याहून शहाणं त्यांत काही नव्हतं.

सरांचे वडील खांद्यावर चाक घेऊन गल्लोगल्ली सुऱ्यांना धार लावत हिंडायचे. मुलाने मदरशात अरबी शिकावी एवढी त्यांची हौस. मुलगा शिकला, मस्कतला एका बांधकाम कंपनीत गोदाम सांभाळायला गेला, आणि तिथे मदरशातली पुस्तकी अरबी बाजारात घासून घासून त्याने चालती केली. परत येऊन सरांनी शाळेत उर्दू शिकवली, निवृत्त झाले. एकच मुलगी, नसीम. तीही लग्न होऊन मस्कतलाच गेली. "मी बारा वर्सं तिथं ऱ्हायलो ते परत यायला," ते म्हणायचे. "ही कायमची गेली. देवाणघेवाण झाली म्हणायची."

काम करायची त्यांची रीत अशी, की न बघितलेल्या गोष्टीचं भाषांतर करायचं नाही. एकदा कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या कारखान्यांवर लेख होता. त्यात लोखंडाच्या ओतकामाचं वर्णन होतं. मी पाठवलेला मजकूर वाचून त्यांनी फोन केला. "भट्टीतनं लोखंड वतत्यात तवा आवाज येतो का न्हाय?" मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सत्तरीतला तो माणूस एसटीने कागलला गेला, ओळख काढून एका फाउंड्रीत शिरला आणि पाळी संपेपर्यंत तिथे उभा राहिला. कुणीतरी विचारलं, "चाचा, कुठल्या पेपरचं तुम्ही?" तर म्हणाले, "पेपरचा न्हवं. भारत सरकारचा." हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं, पण सांगताना आवाजात एक ऐट होती. ओळखपत्र सोडाच, आमच्या कार्यालयाने त्यांना कधी नववर्षाचं कॅलेंडरही पाठवलं नव्हतं. स्वेटरची बाही ठिणगीने जळाली होती. चाचींनी ती दुसऱ्या रंगाच्या लोकरीने सांधून दिली.

"आवाज येतो," त्यांनी सांगितलं. "रेशीम फाडल्यासारखा. आता लिवतो."

शब्दांवर त्यांचा जीव होता. कोल्हापुरात बोलताना आपण किती अरबी शब्द वापरतो, हा त्यांचा आवडता विषय. "वकील, मालक, हुकूम, कायदा, तारीख. कोर्टात निम्मी अरबीच चालती की. आन् तालीम! तिकडं तालीम म्हंजे शिकवणं. आपल्या पेठंत आला आन् लंगोट लावून दंड-बैठका काढाय लागला. आता तर फुटबॉलचं संघबी तालमीचंच." एकदा म्हणाले, "गरीब शब्द बघ. तिकडं गरीब म्हंजे परका. लांबनं आलेला. हितं येऊन त्याचा अर्थ पैसं नसलेला झाला. चुकीचं न्हाय. परक्याला कोण इचारतंय?"

मी म्हटलं, "सर, हे लिहा. स्वतः. भाषांतर नको. थेट अरबीत लिहा."

मस्कतला एक मोठं पुस्तक प्रदर्शन भरणार होतं. तिथे आपल्या देशाचं दालन असणार होतं आणि त्यासाठी आम्ही अरबीचा खास अंक काढत होतो. सरांनी दोन महिने घेतले. लेख आला. फोनवर त्यांनी तो मला वाचून दाखवला. त्यात मला अधूनमधून ओळखीचे शब्द भेटत होते, वकील, तालीम, साहेब, आणि अनोळखी गर्दीत गावचं माणूस दिसावं तसं होत होतं. मंजुरीसाठी मी त्याचं इंग्रजी करून घेतलं. आमच्या संचालकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "ह्या अंकाचा कणा हाच." लेख पहिल्या पानावर घ्यायचं ठरलं.

तेव्हा सरांनी सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. कधीही हळू न बोलणारा माणूस, त्या दिवशी आवाज खाली आणून बोलला.

"शैला, एक इचारू का? राग मानू नकोस."

"बोला ना सर."

"भाषांतराला नाव नसतं ते ठावं हाय मला. पण हे माझं हाय. ह्याला नाव टाकशील काय? नसीम बघाय जाणार हाय. जावई, पोरी, समदी जाणार हैत."

"अहो, टाकणारच आहे! लेखकाचं नाव छापायची पद्धतच आहे आपली. शब्द देते."

"मग सांगतो तिला," सर म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. हे मला फार उशिरा कळलं.

अंतिम प्रुफाचा दिवस. आमच्याकडे छपाईला जाण्याआधी प्रत्येक पान कागदावर काढायचं आणि संबंधितांनी समासात छोटी सही करायची. मी दिल्लीतही मराठीतच सही करायची, 'शै.' एवढीच. संचालकांनी पहिलं पान पुढे ओढलं.

"हे शिकलगार कोण?"

"आपले अरबीचे भाषांतरकार, सर. लेख त्यांनीच लिहिलाय."

"ह्यांची पडताळणी झाली आहे का?"

"सहा वर्षं काम करताहेत आपल्याकडे."

"म्हणजे झालेली नाही. अंक बाहेर जाणार. उद्या कुणी विचारलं, हा अब्दुलगनी कोण, कुठला, तर काय सांगणार आपण?"

त्यांनी पेन घेतलं, सरांच्या नावावर रेघ मारली, आणि वर आमच्या एका सल्लागारांचं नाव लिहिलं. ते सल्लागार आखातात अधिकारी म्हणून राहून आले होते. त्यांना अरबीत कॉफी मागता येत असे. संचालकांनी पान माझ्याकडे सरकवलं. "इथे सही करा."

स्पॅनिश आवृत्तीच्या भाषांतरकाराने आदल्या वर्षी एक लेख लिहिला होता. त्याचं नाव छापलं होतं. तेव्हा पडताळणी कुणी विचारली नव्हती. त्याचं नाव वेगळ्या जातकुळीचं होतं. हे मला त्याच क्षणी आठवलं. नंतर सुचलं असतं तर निदान तेवढा आडोसा मिळाला असता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. युरोपातल्या एका दूतावासात प्रसिद्धी अधिकाऱ्याची जागा होती. त्यासाठी माझं नाव गेलं होतं आणि ती फाइल त्याच आठवड्यात संचालकांच्या टेबलावर होती. त्यांनी तिचा उल्लेख केला नाही. त्यांनी मला धमकावलं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे कितीतरी वेळा मी स्वतःची अशी समजूत घालून बघितली, की मला धमकावलं होतं. पडताळणीचा फॉर्म भरायला एक दिवस लागला असता. छपाईला तीन दिवस होते. मी एवढंच म्हणायचं होतं, "सर, एक दिवस द्या." मी म्हटलं, "ठीक आहे सर," आणि समासात 'शै.' लिहिलं.

सरांना फोन करायला हवा होता. त्यांनी नसीमला सांगून ठेवलं होतं. अंक छापून होईपर्यंत, विमानाने मस्कतला पोचेपर्यंत, दालनात मांडला जाईपर्यंत रोज मला फोन करता आला असता. मी रोज तो उद्यावर ढकलला.

नसीम नवऱ्याला आणि दोन्ही मुलींना घेऊन प्रदर्शनाला गेली. तिने अंक घेतला, मुलींना जवळ उभं करून लेखाचं शीर्षक मोठ्याने वाचलं, आणि त्याखालचं नाव वाचायला गेली.

हे तिने मला नंतर सांगितलं. त्या दिवसांत मला एवढंच माहीत होतं, की सरांचा फोन येत नाहीये. दहा-बारा दिवसांनी आला.

"बसलीयास का?"

पुढच्या अंकाचं भाषांतर तयार होतं. त्यांनी वाचायला सुरुवात करण्याआधी मी घाईघाईने बोलून टाकलं, "सर, त्या अंकात... नावाची चूक झाली. छापखान्यात. मला फार वाईट वाटलं."

पलीकडे खालच्या दुकानातलं चाक फिरत होतं, ते मला ऐकू येत होतं.

"व्हय," सर म्हणाले. "छापखाना म्हटला की हुतंयच."

"पुढच्या अंकात दुरुस्ती छापू आपण."

"नको नको. एवढ्याला कशाला दुरुस्ती? ऱ्हाऊ दे. ऐक तर मग."

त्यांनी वाचलं. थांबले. कुठं अडकलीस, विचारलं. मी म्हटलं, कुठंच नाही. मी एक शब्दही ऐकला नव्हता.

महिन्याभरात माझी नेमणूक झाली. निघताना सरांना फोन केला. त्यांना मनापासून आनंद झाला. "जा, जा. तिकडच्या लोकांस्नी आपलं चांगलं सांग. आन् वाईट इचारलं तर तेबी खरं सांग. घरात काय न्हायच वाईट असं सांगणाऱ्याच्या घरी पावणं दुसऱ्यांदा येत न्हाय."

तिथे माझ्या कामात आमची प्रकाशनं वाटणं हेही होतं. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी अंकांचा गठ्ठा घेऊन गेले. तिथल्या प्राच्य विभागात एक इराकी ग्रंथपाल होते. त्यांनी अरबीचा तो खास अंक उचलला आणि उभ्या उभ्या लेख वाचून काढला. मी समोर थांबले होते. वाचताना ते एकदा हसले, एकदा मान हलवली. मग म्हणाले, "सरकारी मासिकात अशी अरबी मी कधी वाचली नाही. हे लिहिणारा माणूस बाजारात राहिलेला आहे. मला त्यांना पत्र लिहायचं आहे." आणि त्यांनी छापलेल्या नावावर बोट ठेवलं.

कार्यालय दूर होतं. संचालक दूर होते. माझी नेमणूक पक्की झाली होती आणि आता ती कुणी काढून घेणार नव्हतं. तिथे खरं सांगायला मला काहीही किंमत पडणार नव्हती. मी म्हटलं, "ते आता निवृत्त झालेत. पत्ता माझ्याकडे नाही."

दिल्लीतल्या सहीला निदान कारण होतं. ह्याला तेही नव्हतं.

हळूहळू सरांना फोन करणं मी बंद केलं. ईदला निरोप पाठवायची. त्यांच्याकडून दिवाळीला यायचा. पुढे त्रैमासिकाची छपाई थांबली, सगळं संगणकाच्या पडद्यावर गेलं, आणि भाषांतरंही आता संगणकच करतो असं ऐकलं. सरांचं काम त्याआधीच बंद झालं होतं. कुणी त्यांना तसं कळवलंही नव्हतं. नुसता मजकूर यायचा थांबला. मग एक दिवस उदयचा निरोप आला, 'शिकलगार सर गेले. झोपेतच.' मी शोकसंदेश पाठवला. तो मी इतका नीट लिहिला होता, की पाठवल्यावर मला स्वतःचीच किळस आली.

परत आले तेव्हा सरांना जाऊन सात महिने झाले होते. मंगळवार पेठेत गेले. रफिकचं दुकान चालू होतं. वर चाची होत्या, आणि नसीम आली होती, आईला आपल्याबरोबर न्यायला. फोटोत बघितलेली ती, सरांसारखीच उंच. चाचींनी मला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला.

"तुजी लई याद काढायचे बग. पेठेत लोक चेष्टा करायचे, सर, पेढे खाल्ले पर नाव कुठाय? तर म्हणायचे, छापखान्याची चूक हाय, आमच्या शैलाची काय चूक न्हाय त्यात."

नसीम उठली. आतून एक लांबट खाकी पाकीट घेऊन आली आणि त्यातला कागद तिने माझ्यासमोर ठेवला.

ते पहिल्या पानाचं प्रुफ होतं. झेरॉक्स. सरांच्या नावावर रेघ, वर दुसरं नाव, आणि समासात 'शै.'

त्याला आमच्या कार्यालयाचं पत्र जोडलेलं होतं. अंक छापून झाल्यावर कुणा कारकुनाने कागद पुरे करण्यासाठी सरांना लिहिलं होतं, की सदर लेखावर आपला हक्क नाही असं सही करून कळवावं. संदर्भासाठी मंजूर प्रुफ सोबत. एवढा साधा गलथानपणा. पाकिटावरचा कोल्हापूर टपालाचा शिक्का मी बघितला. मी सरांना फोनवर छापखान्याची चूक सांगितली, त्याच्या चार दिवस आधीचा होता.

म्हणजे मी बोलत होते तेव्हा हा कागद त्यांच्याजवळ होता.

"ही सही तुमचीच ना?" नसीमने विचारलं.

"हो."

"अब्बांनी अम्मीला दाखवला नव्हता. मला पण नाही. गेल्यावर कपाटात सापडला." ती शांतपणे बोलत होती. "मी मस्कतहून फोन केला होता त्या दिवशी, अब्बा, नाव दुसरंच हाय. ते म्हणाले, शैलाला इचारतो. मग म्हणाले, छापखान्याची चूक. मी म्हटलं, तुम्ही भांडला नाहीत? तर म्हणाले, ती पोरगी सांगताना रडवेली झालती, तिला काय इचारायचं आणि."

चाचींना कागद वाचता येत नव्हता, पण आमच्याकडे बघून त्यांना कळायला लागलं होतं. पाठीवरचा हात त्यांनी काढून घेतला. झटकून नाही. हळूच.

मी बोलू लागले. पडताळणी, संचालक, तीन दिवस, नेमणुकीची फाइल. ग्रंथपालाचंही सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. नसीमने मध्ये एकदाही अडवलं नाही. झाल्यावर म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत. पण हे ज्यांनी ऐकायला पाहिजे होतं, ते माणूस नाही आता."

मग ती म्हणाली, "मला लिहून पाहिजे. माझी मोठी मुलगी तिकडच्या शाळेत हाय. वर्गात तिनं हा अंक नेला, माझ्या नानांनी लिहिलाय म्हणून. टीचरनं नाव बघितलं, म्हणाली, खोटं बोलू नये. पोरगी तेव्हापासून नानांचं नाव काढत नाही."

तिने कागद-पेन दिलं. माझा हात सरावलेला होता. मी लिहिलं, 'सदर लेख श्री. अब्दुलगनी शिकलगार यांनी लिहिलेला असून, काही प्रशासकीय कारणास्तव त्यांचे नाव वगळण्यात आले.' खाली सही केली.

नसीमने वाचलं. पुन्हा वाचलं.

"वगळण्यात आलं," ती म्हणाली. "कुणी वगळलं?"

मी पेन खाली ठेवलं.

"आणि प्रशासकीय कारण कुठलं? तुम्ही आत्ता मला वेगळंच सांगितलंत."

तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. एखादं वाक्य समजलं नाही म्हणून पुन्हा विचारावं, तसं ती विचारत होती. तिने दुसरा कोरा कागद पुढे ठेवला. मी पेन पुन्हा उचललं. मग लिहिलं, 'हा लेख अब्दुलगनी शिकलगार यांचा आहे. संचालकांनी त्यांच्या नावावर रेघ मारली आणि मी ती मान्य केली. मी अडवू शकले असते. मला परदेशात नेमणूक हवी होती, म्हणून अडवलं नाही. नंतर मी त्यांच्याशी खोटं बोलले.'

"पूर्ण नाव लिहा," नसीम म्हणाली. "आणि त्याखाली ती छोटी सही पण करा. प्रुफावर केलीत तशीच."

मी केली. तिने आईला तो कागद त्यांच्या घरच्या बोलीत, सावकाश, एकेक वाक्य करून सांगितला. चाचींनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या आत गेल्या. त्या घरातून मी चहा न घेता निघाले असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

मी उठले तेव्हा नसीम खिडकीशी उभी होती. "ह्याचं अरबी मी स्वतः करीन," ती म्हणाली. "टीचरला देईन." आणि उजेडात तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले, सही जुळते का ते बघायला.